खडी मागवा, पण मोजून

दिवाळी सरली, शेतातली घाई ओसरली, की वेरूळ, कसाबखेडा, पळसवाडी, खुलताबाद या पट्ट्यात घराघरापुढे खडीच्या गाड्या रिकाम्या व्हायला लागतात. कुणाचं नवं घर झालेलं असतं आणि गेटपासून ओट्यापर्यंत चारचाकी आणायची असते. कुणी लेणी पाहायला आणि घृष्णेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी चार खोल्या काढलेल्या असतात, त्यांच्यापुढे गाड्या लावायला जागा हवी असते. कुणाला शेतवस्तीवरच्या चिखलातून एकदाची सुटका हवी असते. गरज प्रत्येकाची खरी आहे. पण बहुतेक ठिकाणी ओळखीच्या गाडीवाल्याला फोन जातो, "दोन गाड्या खडी टाक" एवढंच सांगितलं जातं, ढीग पडतो, दोन माणसं फावड्यानं तो पसरवतात आणि काम झालं असं समजलं जातं. पहिल्या पावसाळ्यात चाकोऱ्या पडतात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर अर्धी खडी काळ्या मातीच्या पोटात गेलेली असते. मग पुन्हा फोन आणि पुन्हा दोन गाड्या.

यात तुमचा पैसा जातो, आणि पैशाबरोबर डोंगरही जातो. पैसा पुढच्या हंगामात पुन्हा हातात येईल, डोंगर येणार नाही. म्हणून या परिसरातल्या प्रत्येक घरमालकाला, लॉजवाल्याला आणि शेतकऱ्याला माझी कळकळीची विनंती आहे: खडी जरूर वापरा, पण आधी जागा तयार करा, मग माप काढा, माल पाहा, गाडी मोजा आणि कायद्यानं आलेलाच दगड दारात उतरवून घ्या. एवढं केलं तर तुमच्या अंगणाला लागणारा दगड एकदाच मागवावा लागेल.

दगड ओळखा

आपल्या भागात खडी म्हणजे बेसाल्टची खडी, आपला काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेला लाव्हा थरावर थर साचत गेला आणि दख्खनचं पठार तयार झालं. त्याच दगडात आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं गेलं. वेरूळच्या ३४ लेण्यांना १९८३ साली जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. इतक्या कसोटीला उतरलेला दगड आपल्या पायाखाली आहे, हे आपलं भाग्य आहे.

पण डोंगरातला सगळा दगड सारखा नसतो. लाव्ह्याच्या एका थराचा मधला भाग घट्ट, निळसर काळा आणि जड असतो. त्याच थराचा वरचा भाग पुष्कळदा सच्छिद्र असतो. वायूचे बुडबुडे अडकून राहिलेल्या जागी भोकं पडतात आणि पुढे त्यांत पांढरे, हिरवट खनिजांचे दाणे भरतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टाही सापडतो. क्रशरमध्ये हे सगळं एकत्र गेलं, की गाडीतून येणारा माल मिसळीचा असतो. घट्ट दगडाची खडी वर्षानुवर्षं टिकते. भोकांची आणि पांढऱ्या दाण्यांची खडी चाकाखाली भुगा होते, आणि त्या भुग्याचा पावसात चिखल होतो.

ओळख सोपी आहे. ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून एकेक मूठ खडी घ्या आणि बादलीतल्या पाण्यात धुवा. धुतल्यावर दगडाचा खरा रंग दिसतो. एकसारखा निळसर काळा रंग, हाताला जडपणा आणि ताज्या फुटलेल्या धारदार कडा दिसल्या तर माल चांगला. दोन खडे एकमेकांवर आपटा. टणक, खणखणीत आवाज आला पाहिजे. आवाज बद्द आला, कडा बोटानं झडल्या, तांबूस तपकिरी तुकडे जास्त दिसले किंवा बादलीतलं पाणी पार गढूळ झालं, तर ती गाडी परत पाठवा. परत पाठवायला लाजू नका. माल उतरवायच्या आधी बोललात तर गाडीवाला ऐकतो. उतरवल्यावर कुणी ऐकत नाही.

खड्याचा आकारही पाहा. चारी बाजूंनी कोन असलेला, जवळपास चौकोनी तुकडा चांगला. चपटे, लांबुळके तुकडे भाराखाली मोडतात. नदीनाल्यातला गोल गोटा दिसायला छान असतो, पण गाडीच्या वाटेवर तो एकमेकांत अडकत नाही, चाकाखालून निसटत राहतो. नदीचं पात्र उपसून गोटा आणि वाळू आणली की पुढे काय होतं, हे आपल्या विहिरींना कळतं. गाडीच्या वाटेसाठी फोडलेली खडीच घ्या.

नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा

एक नंबर, दोन नंबर, बारीक, जाड, अशी भाषा आपल्याकडे चालते. पण एका क्रशरची दोन नंबर खडी आणि दुसऱ्याची दोन नंबर खडी सारखी असेलच असं नाही. म्हणून मागणी मिलिमीटरमध्ये करा. घरच्या कामाला लागणारा माल एवढाच असतो.

डबर म्हणजे हाताएवढा आणि त्याहून मोठा दगड. सोलिंगला, म्हणजे तळाला दगड रचायला, आणि कडेच्या दगडी किनारीला लागतो.

४० मिलिमीटरची खडी मधल्या थराला. भार तीच पेलते.

२० आणि १२ मिलिमीटरची खडी वरच्या थराला. हिच्यावरून पायी चालता येतं आणि दुचाकीही घसरत नाही.

सहा मिलिमीटरच्या आसपासची कच आणि त्याखालची डस्ट. खड्यांमधल्या फटी हीच भरते. फटी भरल्या नाहीत तर खडी कितीही दाबली तरी हलत राहते.

मुरूम म्हणजे झिजून, कुजून भुसभुशीत झालेला बेसाल्ट. पायाला मुरूम उत्तम, पण त्यात माती नको.

मुरमाची पारख घरच्या काचेच्या बरणीत होते. बरणी अर्धी मुरमानं भरा, वर पाणी ओता, झाकण लावून खळखळून हलवा आणि रात्रभर ठेवून द्या. सकाळी बरणीत थर दिसतील. सगळ्यात खाली खडे, मग जाडसर वाळूसारखा भाग, आणि वर गुळगुळीत मातीचा थर. वरचा मातीचा थर बोटभरच असेल तर मुरूम घ्या. बरणीतला निम्मा माल मातीच निघाला, तर तो मुरूम पावसात घट्ट बसण्याऐवजी चिकटेल, टायरला लागेल आणि ओट्यावर येईल. गाडी मागवायच्या आधी एक पाटीभर नमुना आणून ही परीक्षा करा. खर्च काहीच नाही.

काळ्या मातीवर थेट खडी टाकू नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पावसाळ्यात ती मऊ होते, वरून चाक गेलं की खडा खाली आणि चिखल वर येतो. उन्हाळ्यात उरलेला खडा भेगेत पडतो. तुमची खडी गेली कुठे, याचं उत्तर हेच आहे. अशा जागेवर दरवर्षी कितीही गाड्या ओतल्या तरी पुरणार नाहीत.

स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचं काम हाती घेतलं, तेव्हा त्यांनी हेच ओळखलं होतं. भार शेवटी खालची मातीच वाहते आणि ती कोरडी असेल तोवर वाहते. वरचा दगडाचा थर म्हणजे त्या मातीवरचं छप्पर. म्हणून त्यांनी मोठमोठे दगड रचण्याऐवजी लहान, धारदार कडांची फोडलेली खडी वापरायला लावली आणि सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून, जड खडा रस्त्यात येऊ दिला नाही. आपल्याकडे बांधकाम विभागाच्या कामांत पाणी मारून दाबलेल्या खडीच्या थराला आजही त्यांचंच नाव आहे. दोनशे वर्षं झाली, पण नियम बदललेला नाही: आधी पाणी काढून द्या, मग दगड घाला.

घरच्या वाटेसाठी काम असं करा. आधी वरची काळी माती नऊ इंच काढा. ती फेकू नका, बागेत आणि बांधावर तिच्यासारखं सोनं नाही. तळाला घरापासून बाहेरच्या बाजूला उतार द्या. दर दहा फुटांना अडीच इंच उतार पुरतो. भिंतीकडे उतार कधीही येऊ देऊ नका, नाहीतर पाणी पायात मुरेल आणि भिंतीला तडे जातील. माती फारच चिकट असेल तर तळाला न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. पाणी त्यातून जातं, चिखल वर येत नाही. प्लॅस्टिकचा कागद घालू नका, त्यावर पाणी साचतं. जुनी पोती आणि साड्या दोन वर्षांत कुजतात.

त्यावर मुरूम दोन थरांत, दाबून एकूण सहा इंच होईल असा. प्रत्येक थर पसरा, पाणी शिंपडा, थोडं ओढू द्या आणि मग दाबा. लहान रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर भाड्यानं मिळतो, जागा छोटी असेल तर धुम्मसानंही काम होतं. सहा इंचांचा थर एकदाच टाकून वरून चोपला तर वरचे दोन-तीन इंच घट्ट होतात आणि खाली पोकळ राहतं. मुरमावर ४० मिलिमीटरची खडी तीन इंच, आणि शेवटी २० व १२ मिलिमीटरची खडी डस्ट मिसळून दोन इंच. पुन्हा पाणी, पुन्हा दाब. दोन्ही कडांना डबराची किंवा वीटकामाची किनार घाला. किनार नसेल तर खडी वर्षभरात फुलझाडांत आणि रस्त्यावर पसरते.

काम दिवाळी ते होळी या काळात करा. पावसाळ्यात भरलेली गाडी रुतते आणि ओली काळी माती दाबली जात नाही. मे महिन्यात दाबायला पाणी कुठून आणणार? प्यायला टँकर लागत असताना मुरमावर पाणी मारणं शोभणारं नाही.

हिशोब कागदावर मांडा

आपल्याकडे खडी ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. सुक्या खडीच्या एका ब्रासचं वजन साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरतं. हिशोब असा: लांबी फुटांत, गुणिले रुंदी फुटांत, गुणिले जाडी फुटांत, भागिले १००. जाडी इंचांत असेल तर आधी १२ ने भागा.

समजा गेटपासून ओट्यापर्यंत ३० फूट लांब आणि १० फूट रुंद वाट आहे. क्षेत्र ३०० चौरस फूट. सहा इंच मुरूम म्हणजे १५० घनफूट, दीड ब्रास. मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून पंचवीस-तीस टक्के वाढवून दोन ब्रास मागवा. तीन इंच ४० मिलिमीटरची खडी म्हणजे ७५ घनफूट. वीस टक्के वाढवले की ९० घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासपेक्षा थोडी जास्त. वरचा दोन इंचांचा थर ५० घनफूट, वाढीसह ६० घनफूट. सगळं मिळून साडेतीन ब्रास. गाडीवाला अंदाजानं सहा ब्रास सांगेल, शेजारी आठ सांगतील. तुमच्याकडे कागद असेल तर तुम्ही साडेतीनवर ठाम राहाल.

आणखी एक विचार करा. चारचाकी दहा फूट रुंदीवर चालत नाही, ती दोन चाकोऱ्यांवर चालते. अडीच अडीच फुटांच्या दोन पट्ट्या पक्क्या केल्या आणि मधल्या जागेत हरळी वाढू दिली, तर ३०० ऐवजी १५० चौरस फुटांचंच काम उरतं. दगड निम्मा, खर्च निम्मा, आणि मधल्या गवतात पाणी मुरतं. शेतवस्तीच्या लांब वाटेसाठी तर हाच मार्ग मी सुचवेन.

पायवाटेला एवढा खटाटोप लागत नाही. तीन इंच दाबलेला मुरूम आणि वर दोन इंच १२ मिलिमीटरची खडी पुरते.

गाडी दारात आली की

ढीग पडल्यावर माप घेता येत नाही. टेप हातात घेऊन गाडी भरलेली असतानाच मोजा. फाळका उतरवायच्या आधी हौद्याची आतली लांबी, आतली रुंदी आणि माल भरलेली उंची घ्या. एक उदाहरण घ्या. ट्रॉली आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद, आणि फळी दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर ९० घनफूट. पण माल काठाच्या तीन इंच खाली असेल तर उंची सव्वा फूट धरायची. दहा गुणिले सहा गुणिले सव्वा म्हणजे ७५ घनफूट. एक ब्रासचे पैसे देऊन तुम्ही पाऊण ब्रास घेतलेला असतो. मधे ढीग दिसतो म्हणून फसू नका, कोपरे रिकामे असतात. वरचा माल फावड्यानं सपाट करायला सांगा, मग मोजा. "दादा, मोजून घेतो, राग मानू नका" असं हसून म्हटलं तरी चालतं. प्रामाणिक गाडीवाल्याला मोजण्याचा राग येत नाही.

डस्ट आणि क्रश सँड ओलसर असेल तर ती फुगलेली असते. ओलाव्यामुळे तिचं आकारमान पाव हिश्श्यापर्यंत वाढू शकतं. अशा मालाचं माप वजनकाट्यावर करायचं ठरवलं तर पाण्याचे पैसे जातात आणि घनफुटावर केलं तर हवेचे. म्हणून डस्ट सुकी असताना घ्या.

भरलेला मोठा टिप्पर पंचवीस टनांच्या वर जातो. तो ग्रामपंचायतीच्या जलवाहिनीवर, शोषखड्ड्याच्या झाकणावर किंवा जुन्या गटारीवर चढला तर नुकसान तुमचं आणि गल्लीचं. लहान गल्लीत ट्रॅक्टर ट्रॉलीच मागवा. टिप्पर हौदा उचलतो तेव्हा वर विजेची तार आहे का, हे आधी स्वतः पाहा. तारेखाली हौदा कधीही उचलू देऊ नका, जीव जातो. मुलांना घरात ठेवा. डस्ट पसरण्याआधी तिच्यावर थोडं पाणी शिंपडा, आणि काम करणाऱ्या माणसांना तोंडाला बांधायला उपरणं द्या. तुम्ही दहा मिनिटं खाल्लेली धूळ ते रोज खातात. ज्या वडार बांधवांच्या पिढ्यांनी घण आणि सुतकी घेऊन हाताने खडी फोडली, त्यांच्या कष्टावर या राज्यातले रस्ते उभे आहेत. त्यांच्या छातीची काळजी घेणं हा आपला साधा माणुसकीचा हिशोब आहे.

पास पाहिल्याशिवाय माल घेऊ नका

दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजं आहेत. ती काढायला परवाना लागतो, सरकारकडे स्वामित्वधन भरावं लागतं, आणि वाहतुकीला सरकारच्याच महाखनिज या ऑनलाइन प्रणालीतून निघालेला पास लागतो. त्या पासवर गाडीचा क्रमांक, मालाचा प्रकार, ब्रास आणि वेळ असते. पास मागा, गाडीच्या नंबरप्लेटशी ताडून पाहा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. तारीख कालची किंवा क्रमांक दुसऱ्या गाडीचा असेल तर माल उतरवू देऊ नका. पक्की पावतीही घ्या.

पासाशिवाय रात्री येणारा मुरूम स्वस्त पडतो, हे मला माहीत आहे. तो कुठून येतो, हेही आपल्या सगळ्यांना माहीत आहे: गायरानातून, टेकडीच्या पायथ्यातून, नाल्याच्या काठातून. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे असं खनिज विनापरवाना काढणाऱ्याला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. आणि त्या दंडाच्या पलीकडे, उकरलेल्या टेकडीवरून पहिल्या पावसात वाहून आलेली माती आपल्याच पाझर तलावात साचते.

वेरूळकरांनी एक गोष्ट आणखी जपायची आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचं क्षेत्र प्रतिबंधित आहे आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनं हे नियम पक्के केले. या क्षेत्रात दगड काढणं तर सोडाच, भिंत, पाया किंवा मोठं खोदकाम करण्याआधीही पुरातत्त्व विभागाकडे विचारणा करा. हजार बाराशे वर्षं उभा राहिलेला पाषाण आपल्या पार्किंगसाठी धोक्यात येता कामा नये.

आणि घडीव दगड कधीही फोडू नका. आपल्या शिवारात नांगराला, विहिरीच्या कामात, पडक्या वाड्याच्या मलब्यात कोरीव तुकडे निघतात: वीरगळ, खांबाचा तुकडा, मूर्तीचं पीठ. असा दगड सोलिंगमध्ये गाडला की तो कायमचा गेला. तो जिथे आहे तिथेच राहू द्या, फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. साधा, न घडवलेला जुना डबर मात्र जरूर वापरा. घर पाडल्यावर निघालेला दगड आणि विटांचे तुकडे पायाच्या थरात छान बसतात. तुमच्याच विहिरीच्या कामातला मुरूम, डबर शिवारात पडून असेल, तर तलाठ्याला विचारून तो वापरा. तेवढी एक गाडी डोंगरातून कमी निघेल.

सगळं अंगण दगडाखाली घालू नका

खडीचं एक मोठं पुण्य आहे: सिमेंट काँक्रीटच्या मानानं ती पाणी मुरू देते. ३०० चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला तर जवळपास ७०० लिटर पाणी होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं, ते मराठवाडा विसरलेला नाही. अशा प्रदेशात प्रत्येक अंगणानं आपलं पाणी आपल्याच जमिनीत जिरवलं पाहिजे. मात्र डस्ट घालून दाबलेला थर पाणी फारसं आत घेत नाही, ते उतारानं वाहतं. म्हणून दाबलेला थर फक्त चाकाच्या वाटेला ठेवा. बाकी जागेत सुटी खडी किंवा मोकळी माती असू द्या, आणि वाटेचं पाणी चर काढून झाडांकडे वळवा.

काळा दगड ऊन धरून ठेवतो. एप्रिल-मे मध्ये खडीनं भरलेलं अंगण रात्री उशिरापर्यंत धग सोडतं. झाडाच्या बुंध्याला खडी भिडवू नका, चारी बाजूंनी दोन फूट जागा सोडा आणि तिथे कडुलिंबाचा पाला, उसाचं पाचट किंवा तूरकाठ्यांचा भुगा पसरवा. तुळशीवृंदावनाभोवती, रांगोळीच्या जागेत आणि म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या वाटेवर खडी नको. तिथे शहाबादी फरशी किंवा नीट चोपलेली जमीन ठेवा. काठी टेकत चालणाऱ्या आजींना सुट्या खडीवर पाय टाकणं किती अवघड जातं, हे एकदा त्यांना विचारून पाहा.

डबराचे आणि ४० मिलिमीटरच्या खडीचे उरलेले ढीग भिंतीलगत वर्षानुवर्षं ठेवू नका. विंचू आणि फुरसं अशाच जागी आसरा घेतात. उरलेली बारीक खडी आणि डस्ट पोत्यांत भरून ठेवा. पावसाळा संपला की वाट तपासा, खोलगट जागा पंजानं ओरखडा, त्यातच तो माल भरा, पाणी मारा, दाबा. दरवर्षी एवढी अर्ध्या दिवसाची देखभाल केली तर नवी गाडी लागत नाही.

शोभेसाठी दूरवरून आणलेले पांढरे संगमरवरी खडे घेण्याआधीही थांबा. काळ्या मातीत ते एका पावसाळ्यात मळतात आणि उन्हाळ्यात डोळ्यांवर चकाकतात. आपला निळसर काळा दगड हिरव्या झाडांजवळ अधिक शोभतो आणि मळलेला दिसत नाही.

म्हणून या हंगामात गाडीवाल्याला फोन करण्याआधी एवढं करा. टेप घेऊन जागा मोजा आणि हिशोब कागदावर लिहा. काळी माती काढा, उतार द्या. मुरमाची बरणी रात्रभर ठेवून पाहा. मागणी मिलिमीटर आणि ब्रासमध्ये सांगा. गाडी मोजा, पास ताडून पाहा, पावती घ्या. ग्रामपंचायतीत, बचत गटात, शेतकरी गटात या गोष्टी बोला. शेजारच्या दोघांना मिळून एकच रोलर भाड्यानं आणता येतो आणि एका गाडीत दोघांचा माल येतो. गावातल्या दहा घरांनी जरी असं मोजून मागवायला सुरुवात केली, तरी मापात मारणारा सुधारेल, रात्रीचा मुरूम विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि आपल्या टेकड्या पुढच्या पिढीच्या घरांसाठी जागेवर राहतील. सुरुवात तुमच्या अंगणापासून करा.